इकडे आड, तिकडे हॉब्सन?

आज व्हॉट्सॲपवर कुठल्याशा गाईडचं पान आलं. 'इकडे आड तिकडे विहीर = हॉब्सन्स चॉइस'. खाली अंगठ्यांची रांग. पोरं हे पाठ करणार, पेपरात लिहिणार आणि वर मार्कही मिळवणार!

अहो, आड आणि विहीर ही दोन संकटं झाली. हॉब्सनकडे दोन काहीच नव्हतं. टॉमस हॉब्सन केंब्रिजला घोडे भाड्याने द्यायचा, १६३१ साली वारला. विद्यार्थी नेहमी चांगलेच घोडे मागायचे आणि पळवून त्यांचा जीव काढायचे. म्हणून त्याने पाळी लावली: दाराशी उभा असेल तो घोडा घ्या, नाहीतर पायी जा. म्हणायला निवड, हातात एकच घोडा. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने 'दोन्ही पर्याय वाईट' असाही अर्थ नोंदवलाय. बरं, नोंदवू दे. जाणकार वाचक तिथे अडखळतोच.

मुळात म्हणीवरून म्हण शोधायला जाता, तिथेच घोळ होतो. आधी प्रसंग साध्या वाक्यात लिहा. पर्याय किती आहेत? माणूस अजून अडकलेला आहे, की एकातून सुटून दुसऱ्यात पडलाय? अडकवलं कोणी? दोन्हीकडे मरण असेल तर 'बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी'. अमेरिकी वळण हवं तर 'बिट्वीन अ रॉक अँड अ हार्ड प्लेस'. गाईडवाल्याला हेच हवं होतं! सुटून पडला असेल तर 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायर', म्हणजे आपलं आगीतून फुफाट्यात. अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, असा नियमच गोल फिरत असेल तर 'कॅच-२२'. हा अमेरिकी लेखक जोसेफ हेलरच्या १९६१च्या त्याच नावाच्या कादंबरीतून आला. उलटसुलट कारणं देऊन एकाच खड्ड्यात ढकलत असतील तर 'मॉर्टन्स फोर्क'. इंग्लंडचा राजा सातव्या हेन्रीच्या काळातल्या आर्चबिशप मॉर्टनच्या नावावर हा हिशेब सांगतात: थाटात राहतोस म्हणजे पैसा आहे, कर भर, काटकसरीत राहतोस म्हणजे साठवला असशील, कर भर. (काही घरांतल्या सुनांना हे ऐकल्यासारखं वाटेल.)

पोरांवर राग नाही. पान मिळालं, पाठ केलं. पण छापणाऱ्याने शब्दकोश उघडायला काय हरकत होती?

सापडलेला वाक्प्रचारही लगेच चिकटवू नका. शब्दकोशात शेजारी बारीक अक्षरात 'इनफॉर्मल', 'ह्यूमरस', 'ओल्ड-फॅशन्ड' लिहिलेलं असतं, ते वाचा. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, पण शोकसंदेशात लिहिलंत तर लोक बोलायचे बंद होतील. मग तो अवतरणचिन्हांत घालून गूगलवर टाका आणि बातम्यांतली दहाएक वाक्यं बघा: माणसाबद्दल येतो की परिस्थितीबद्दल, मागेपुढे कोणतं प्रिपोझिशन लागतं. आतले शब्द हलवू नका; 'द लास्ट स्ट्रॉ'मधला 'द' काढून तिथे 'अ' बसवला की बिघडलं.

एवढं करून काहीच बसलं नाही तर सरळ 'बोथ ऑप्शन्स वर बॅड' लिहून मोकळे व्हा. परीक्षक एखादा मार्क कापेल, हे मात्र खरं.