भाऊ, तुमचा कोडच खराब असन

मेमटेस्टचा, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा, फोटो दुकानदाराच्या नाकासमोर धरला. काळ्या-निळ्या स्क्रीनवर लाल ओळ, रॅममधला पत्ता स्पष्ट, एकच बिट (० किंवा १) उलटलेलं. दारव्ह्याहून एसटीने यवतमाळला गेलो होतो, रॅमची स्टिक रुमालात गुंडाळून. दुकानदार फोटोकडे बघतो, परत देतो आणि म्हणतो, "भाऊ, तुमचा कोडच खराब असन. विंडोज चालते नं? मंग रॅम चांगली हाये."

अहो, मेमटेस्ट चालतो तेव्हा मशीनमध्ये विंडोज नसतं, लिनक्स नसतं, माझा कोड तर नसतोच नसतो! पेन ड्राइव्हवरून तो एकटा उठतो, रॅममध्ये लिहितो आणि लिहिलेलं परत वाचतो. लिहिलं एक आणि वाचलं भलतंच, यात माझा कोड कुठून आला? हे त्याला तीनदा सांगितलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला माऊस दाखवत होता.

मार्चपासून हेच सोसतोय. सकाळी लाईन आली की बिल्ड लावायचं, म्हणजे अख्खा कोड कंपायलरला देऊन प्रोग्रॅम बनवायला घ्यायचा, आणि दुपारी ते ९० टक्क्यांच्या पुढे जाऊन पडायचं. इंटर्नल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे कंपायलरने मेमरीत भलतीकडे हात घातला. खाली विनंती, पूर्ण बग रिपोर्ट पाठवा म्हणून. काय पाठवू? तीच फाइल, तीच कमांड परत दिली की गपगुमान कंपाइल होते आणि पुढे दुसरीच पडते. सोमवारी पाच वेळा पडलं, पाचही वेळा वेगळ्या फाइलवर. कंपायलरचा बग असता तर रोज त्याच ओळीवर अडला असता. जागा बदलते म्हणजे हार्डवेअरवर संशय घ्यायचा, हे लिनक्सवाल्यांना नव्वदच्या दशकात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करताना कळलेलं आहे.

पण पुण्यातल्या टीमलीडला कोण सांगणार! "आमच्याकडे तर होतंय." होणारच, तुमच्याकडे एसी आहे, रॅम तापत नाही. "क्लीन बिल्ड कर." करतोच आहे. "मेमरी कमी पडत असेल." मेमरी संपली असती तर कर्नलने प्रोसेस मारली असती, सिग्नल ९ दिसला असता, लॉगमध्ये तशी नोंद असती. मला येतो ११, सेगमेंटेशन फॉल्टचा. तरी एका वेळी कंपाइल होणारे जॉब आठाचे दोन करून पाहिले. पडायचं ते पडलंच. ९ आणि ११ मधला फरक माहीत नसेल तर सल्ला देऊ नये.

रात्री मेमटेस्ट लावा, हाही असाच एक सल्ला. लावला की. दोन रात्री लाईन गेली, इन्व्हर्टर बसला, टेस्ट अर्धी. तिसऱ्या रात्री चार पास, म्हणजे तपासणीच्या चार फेऱ्या, पूर्ण, एरर शून्य! तेवढ्यावर सगळ्यांनी मलाच खोटं पाडलं. अरे, रात्री खोली थंड असते. मे महिना, बाहेर ४५ अंश, डोक्यावर टिन, कूलर नुसती दमट हवा फेकतो. भर दुपारी एकला लावला तेव्हा दुसऱ्याच पासला लाल ओळ आली. स्टिक अदलून-बदलून पाहिल्या, दोघींपैकी एकच दोषी.

आणि पडलेल्या बिल्डचं मला तितकं दुःख नाही, ते निदान ओरडून तरी सांगतं. बिट उलटलं आणि कंपायलर पडलाच नाही, तर ती चूक गुपचूप कंपाइल होऊन निघालेल्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये जाऊन बसते. सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये दर ६४ बिटांमागे ८ जास्तीचे असतात, एक बिट उलटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं. आपल्याला तो पहारा नाही. मार्चपासून मी जे जे बिल्ड करून पाठवलं, त्यातल्या एकाचीही खात्री आज मी देऊ शकत नाही. सगळं पुन्हा करायचं आहे, उरलेल्या एका ८ जीबीच्या स्टिकवर.

उद्या अख्खा सीपीयू घेऊन जाणार होतो, त्याच्याच काउंटरवर दुपारी मेमटेस्ट लावणार होतो. मग आठवलं, त्याच्या दुकानात एसी आहे. तिथे ती लाल ओळ यायची नाही.