‘तुम्हाला काय जातंय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

बारावीनंतरच्या नर्सिंगबद्दल मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं : मुलीने बी.एस्सी. नर्सिंग केलं, चार वर्षांत साडेचार लाख गेले, आज ती ७० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात १४ हजारांवर राबतेय, दोन वर्षं नोकरी सोडायची नाही अशा बाँडपायी मूळ गुणपत्रिका मालकाच्या कपाटात आहेत. आणि शेवटी : ‘तुम्ही सरकारी दवाखान्यात जन्म काढलात. पोरींना या लाइनला लावायला तुम्हाला काय जातंय?’

हे लागलं, कारण त्यात तथ्य आहे. लेखात मी राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) ३५,४०० मूळ वेतन लिहिलं, एम्सचं ४४,९०० लिहिलं आणि खासगीचं ‘सुरुवातीला थोडं कमी’ म्हणून उरकलं. १४ हजार म्हणजे थोडं कमी नव्हे.

याबद्दल कागद आहे, तोही लेखात यायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सच्या पगारासाठी समिती नेमली. २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारइतका पगार, ५० ते १०० खाटांना त्याहून फार तर २५ टक्के कमी, ५० च्या खालीसुद्धा २० हजारांपेक्षा कमी नाही, अशी तिची शिफारस. म्हणजे तुमच्या मुलीला, भत्ते सोडून नुसतं ३५,४०० मूळ वेतन धरलं तरी, २६,५५० मिळायला हवेत. अंमल राज्यांवर सोडला, आणि तो कसा झाला हे तिच्या पगाराच्या चिठ्ठीवर दिसतंच आहे.

पण ‘कुणी यात पडूच नये’ हे मला पटत नाही. चूक लाइनची किती आणि कॉलेजची किती, हे वेगळं करून बघायला हवं.

आमच्या वॉर्डात बाहेरच्या कॉलेजच्या मुली पोस्टिंगला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावाला, यायच्या. एकदा तिसऱ्या वर्षाची एक आली. पाठांतर चोख, पण सलाईन लावायला सांगितलं तर हात लटपटायला लागला. बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं, जिवंत माणसाची शीर तिने तोवर धरलीच नव्हती, सगळं प्लास्टिकच्या हातावर. कॉलेजच्या हॉस्पिटलात १०० खाटा मांडलेल्या होत्या, चादरी घातलेल्या होत्या, पेशंट नव्हते. तपासणी आली की गावातून माणसं आणून झोपवायचे, हेही तिनेच सांगितलं. स्वतः केलेल्या कामांची नोंद ठेवायचं केस बुक मैत्रिणीचं बघून भरलेलं. अशी मुलगी पास होते, नोंदणी होते आणि मग पगार बोलायला बसली की मान खाली घालते, कारण आपल्याला काय येत नाही हे तिला ठाऊक असतं. मालकालाही ठाऊक असतं. दीड महिना मी तिला रोज सकाळी माझ्यासोबत इंजेक्शनच्या ट्रॉलीला लावलं. जाताना ती वॉर्डातल्या मावशींपेक्षा मोठ्याने ‘सरका’ म्हणायला शिकली होती!

म्हणून प्रवेशाआधी पालकांनी माहितीपत्रक घरीच ठेवून सकाळी ११ वाजता कॉलेजच्या हॉस्पिटलात नुसती चक्कर मारावी. ओपीडीला रांग आहे का? वॉर्डात खाटा भरलेल्या आहेत का? तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारावं, बाळंतपणं स्वतःच्या हाताने किती केली आणि केस बुकात किती लिहिली. फी तर शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार दिसते. त्यावर कुणी ‘इतर खर्च’ सांगू लागला तर तिथूनच परत फिरावं.

मानाचं तुम्ही लिहिलंत, टिचकी वाजवून ‘ए सिस्टर’ म्हणतात ते. तेही खरं. पुण्याच्या सेवासदन संस्थेच्या रमाबाई रानडे मुलींना नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवू लागल्या, तेव्हाही लोकांनी नावं ठेवलीच होती. शंभर वर्षं उलटली, टिचकी काही गेली नाही. मी तरी टिचकीला कधी वळले नाही. नातेवाईक दुसऱ्यांदा नीट हाक मारतात.

आता तुमच्या मुलीचं. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला बी.एस्सी.वाल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएम हा डिप्लोमा केलेल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातली दोन वर्षं लागतात, तिला तीही नकोत. तेव्हा बाँड संपायची वाट न बघता तिने अर्ज भरावा, वयाची मर्यादा मात्र बघून. नाइटला आधीच्या पाळीकडून ओव्हर (पेशंटची माहिती) घेऊन पेशंट शांत झाले की पुस्तक उघडता येतं; रोज नाही, पण येतं. निवड झाली की पडताळणीला मूळ कागद लागतील, म्हणून ते आत्ताच मागा. तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. भारतीय परिचर्या परिषदेचा या बाँडपद्धतीला विरोध आहे, तेही अर्जात लिहा. गुणपत्रिका तिच्या आहेत, त्या अडकवून ठेवायचा हक्क मालकाला कुणी दिला? नाहीच ऐकलं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तक्रार करा. अर्जाचा मसुदा मी लिहून देते.

मूळ लेखातलं ‘थोडं कमी’ आज खोडलं. त्या जागी तुमच्या मुलीचा आकडा घालावा म्हणते, नाव-गाव न लिहिता. तिला विचारून सांगाल?