जागेच असता ना?

शेजारच्या काकूंच्या श्रावणातल्या सत्यनारायणाला मी घोरले. डुलकी नव्हे, घोरले. सोसायटीच्या ग्रुपवर पुरावा फिरतोय. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याकडे धावली, तिथवरचं मला आठवतंय. घड्याळात अकरा वाजले होते, पण न्यू जर्सीहून नुकत्याच परतलेल्या माझ्या शरीराच्या लेखी रात्रीचा दीड. रात्री दीडला माणूस झोपतं. एवढी साधी गोष्ट घोडबंदर रोडवरच्या आमच्या अख्ख्या सोसायटीत कुणाला पटेल तर शपथ.

तिसऱ्या मजल्यावरचे काका प्रसादाचा द्रोण घेऊन समोरच येऊन बसले.

"जेट लॅग? मनाचे खेळ गं! मी मुलाकडे राहून आलो, काय झालं मला? उतरलो, आंघोळ केली, जेवलो, झोपलो."

"किती वाजता?"

"दुपारी एकला. चारला उठून चहा."

"आणि रात्री?"

"रात्री दोनला उठायचं, गीझर लावायचा, गच्चीवर फेऱ्या मारायच्या."

"किती दिवस चाललं हे?"

"दिवस कसले? रिटायर झाल्यापासून चालूच आहे."

मग शिऱ्यातला एकेक बेदाणा निवडून द्रोणाच्या काठावर मांडत ते म्हणाले, "तुमच्या पिढीला सवयच नाही. आम्ही एसटीत रात्रभर उभ्याने कोकणात जायचो आणि सकाळी थेट लावणीला."

"पण काका, एसटीने घड्याळ बदलत नाही."

"घड्याळ होतं कुणाकडे?"

यावर काय बोलणार? तरी मी नेटाने समजावलं. मेंदूतलं घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. दिवस ताणला तर ते सोसतं, आवळला तर रुसतं. म्हणून पश्चिमेला जाताना निभावतं आणि पूर्वेला परतताना हाल. पेशींतल्या या घड्याळाचा कारभार उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं.

"जागरणाला नोबेल?" काकांनी सगळे बेदाणे एकदम तोंडात टाकले.

मुंबईचं बघा. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी ही बाई १९५५पर्यंत आपला बॉम्बे टाइम धरून बसली, चांगला ३९ मिनिटं मागे. शहराला जुळवून घ्यायला जवळजवळ पन्नास वर्षं, आणि मला? सोमवारी साडेनऊला लॉगिन.

ताप आला असता तर चार घरांतून पेज आली असती. जेट लॅग म्हटलं की 'आलीय मोठी अमेरिकेहून'. अमेरिकेत मी पाहिलं काय, तर एक मीटिंग रूम आणि तिथला गारठवणारा एसी. डॉक्टर म्हणतात, सकाळचं ऊन घ्या. श्रावणात ठाण्यात ऊन आणू कुठून? दुपारी पडावं तर वरच्या फ्लॅटमध्ये टाइल्स फोडतायत. आणि पहाटे साडेतीनला, सगळी बिल्डिंग गाढ झोपलेली असताना, माझ्या शरीरात संध्याकाळचे सहा वाजतात आणि मला भेळ खावीशी वाटते.

काल सेक्रेटरी दारात आले. चेहरा सहानुभूतीचा. म्हटलं, चला, एकाला तरी कळलं.

"वहिनी, रात्री जाग असते ना तुम्हाला?"

"हो ना हो, डोळ्याला डोळा लागत नाही."

"मग एक करा. पाण्याचा टँकर हल्ली साडेतीनला येतो, वॉचमन झोपलेला असतो. तेवढं खाली जाऊन टाकी भरेपर्यंत उभ्या राहाल का? पावतीवर सही लागते."

माझं उत्तर यायच्या आत त्यांनी पावतीपुस्तक हातात ठेवलं. पेन तुमचंच वापरा म्हणाले.