मंदी, बजेट आणि आमच्या वरकशीतले काजू

गणपतीला पुतण्या मुंबईहून आला होता. दुपारी आरती, जेवणं उरकून पडवीत टेकलो होतो. मोबाइलवर काहीतरी वाचता वाचता तो म्हणाला, "काका, केंद्राची वित्तीय तूट किती खाली आली बघा. 2020-21 मध्ये जीडीपीच्या 9 टक्क्यांच्या वर होती, 2024-25 मध्ये 5 च्या आत. आपण अंथरूण पाहून पाय पसरतो ना, सरकारनंही तेच केलं."

वित्तीय तूट म्हणजे सरकारनं उत्पन्नापेक्षा जास्त केलेला, कर्ज काढून भागवलेला खर्च, आणि जीडीपी म्हणजे देशाचं वर्षाचं एकूण उत्पन्न. तेव्हा विसर्जनाची गडबड होती, नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तो वाचेलच.

माझं दापोली तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत, किराणा मालाचं दुकान आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे घराला लागू आहे, मी स्वतः आयुष्यभर तसाच वागलो. पण सगळं गाव एकदम पाय आखडून घेतं तेव्हा काय होतं, ते माझ्या 2020 च्या उधारीच्या वहीत आहे. कोविडच्या टाळेबंदीत चाकरमानी गावी परतले आणि मुंबईहून महिन्याला येणारे पैसे थांबले. किलोभर तूरडाळ नेणारा पाव किलो नेऊ लागला. मी दापोलीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल कमी उचलला. त्यानं टेम्पोच्या फेऱ्या निम्म्या केल्या. टेम्पोवाला आमच्याच वाडीतला, त्याचं खातं माझ्याच वहीत. दोन महिन्यांत त्याची उधारी एका पानात मावेना. यात चुकीचं कोणीच वागलं नव्हतं. प्रत्येकानं शहाणपणानं हात आखडला आणि सगळेच आणखी खाली गेले. एकाचा खर्च ती दुसऱ्याची मिळकत. अशा वेळी हात मोकळा सोडू शकणारं एकच घर उरतं, ते सरकारचं.

त्या एप्रिल ते जूनमध्ये देशाची अर्थव्यवस्था आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 24 टक्क्यांनी आकसली. आणि 4 मे 2020 ला आपल्या राज्य सरकारनं विकासकामांच्या खर्चाला 67 टक्के कात्री लावली. राज्याला मी फार दोष देत नाही. कर्ज किती काढायचं याची मर्यादा केंद्र ठरवतं, केंद्राकडून यायचे जीएसटीचे पैसे अडकलेले. केंद्राला तशी अडचण नव्हती. केंद्रानं 20 लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं, पण त्यातला मोठा भाग कर्ज आणि कर्जहमीचा होता. ज्याच्या दुकानात गिऱ्हाईक नाही त्याला कर्ज घेऊन करायचं काय? मला बँकेतून फोन आला होता. मी नको म्हणालो. माल भरून ठेवला असता, घ्यायला कोण होतं?

त्यातच 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या पट्ट्यातल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट गेले. बागायतीची भरपाई वाढवून हेक्टरी 50 हजार केली होती. आकडा मोठा वाटतो. पण इथल्या वाड्या गुंठ्यांत असतात. 10 गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबानं मिळतात 5 हजार. पुढे झाडामागे दर ठरला, पोफळीला 50 रुपये आणि माडाला 250. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. मोडलेलं झाड तोडून बाहेर काढायची मजुरीसुद्धा 50 रुपयांत होत नव्हती.

आता पुतण्याला मला जे खरं सांगायचं आहे ते.

1972 च्या दुष्काळात या राज्यानं हातावर हात ठेवले नाहीत. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला. पुढे 1990 मध्ये तिलाच फळबाग लागवड जोडली. गिरणी संपानंतरची ती वर्षं. आमच्या घरचे दोघे लालबागहून कायमचे परत आले होते. वडिलांनी वरकस जमिनीत, जिथे धड नाचणीही होत नव्हती, काजूची कलमं लावायचं ठरवलं. जांभ्यात पहारीनं खड्डे खणले, दोन्ही काका, वडील आणि वाडीतली चार माणसं. पहार दगडावर आपटली की ठिणगी उडायची, तळव्यांना फोड यायचे. त्या खड्ड्यांची मजुरी सरकार देत होतं. कलमं वेंगुर्ला-4 या काजूच्या जातीची. अनुदान हप्त्यांनी यायचं, झाडं जगलेली दिसली की पुढचा हप्ता. मजुरीच्या पैशांत आमची दोन पावसाळ्यांची आगोट, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची बेगमी, भरली. आणि झाडं राहिली. माझं आणि बहिणीचं शिक्षण त्या काजूबीवर झालं, दुकानाचं भांडवलही त्यातलंच. कोकणातले कितीतरी कातळ त्या योजनेनं हिरवे झालेत.

मंदीतला सरकारी खर्च म्हणजे मला हा अभिप्रेत आहे. हातात लगेच मजुरी, आणि मागे धरणारं झाड.

मनरेगाला, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीला, 2020-21 मध्ये 61,500 कोटींची तरतूद होती, संकटात ती 1 लाख 11 हजार 500 कोटींवर नेली. योग्यच केलं. पण लगेच पुढच्या बजेटात 73 हजार कोटी, आणि 2023-24 च्या बजेटात 60 हजार. त्याआधी, सप्टेंबर 2019 मध्ये, कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्के केला तेव्हा वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचं उत्पन्न सोडतोय असं सरकारनंच सांगितलं होतं. हा आकडा आणि मनरेगाचे 60 हजार कोटी शेजारी ठेवले की मला झोप लागत नाही.

आमच्याकडे मनरेगा फारशी चालली नाही हेही खरं. 2020 मध्ये तिचा दर दिवसाला 238 रुपये, आणि गावात गड्याची मजुरी 400 च्या घरात. त्या दरात दुसऱ्याच्या बांधावर कोण जाणार? पण स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या झाडासाठी खड्डा खणायला माणूस तेवढ्यावर राजी होतो. म्हणून फळबागेची वाट इथे सर्वांत सरळ आहे. सरकारचा बराचसा भांडवली पैसा रस्ते आणि रेल्वेत जातो. रस्ते हवेतच. पण मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे, आणि तिथलं बहुतेक काम यंत्रं करतात.

पुतण्या म्हणेल, केंद्राच्या खर्चातला दर चार रुपयांतला जवळजवळ एक रुपया व्याजात जातो, मग तूट कमी करायची कधी? करायचीच, माझं त्याला ना नाही. पण गावातली वही मोकळी झाल्यावर. अमेरिकेत 1937 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या सरकारनं बजेट जुळवायच्या घाईत खर्च कापला आणि सावरत आलेला देश पुन्हा घसरला. आजारातून उठलेल्या माणसाची पेज आपण पहिल्याच दिवशी बंद करत नाही.

2020 मधली 11 खाती माझ्या वहीत अजून उघडी आहेत. ती माणसं बुडवणारी नाहीत. दर शिमग्याला थोडे थोडे देतात.

निसर्गमध्ये वडिलांच्या कलमांपैकी 14 झाडं गेली. बाकीचीही आता म्हातारी झालीत, बी कमी धरतात. या वैशाखात ते 14 खड्डे पुन्हा खणून घेणार आहे, पदरच्या पैशानं. जागा 60 कलमांची आहे. यंदा 14च जमतील.