क्लच सुटत नाही म्हटलं की प्लेटा गेल्या? बघितल्याशिवाय?

"क्लच दाबला तरी सुटत नाही" एवढं बोलायचा अवकाश, समोरचा गॅरेजवाला गाडीला बोट न लावता सांगतो, "प्लेटा गेल्या, काका. सेट टाकावा लागेल." प्लेटा म्हणजे क्लचच्या आतल्या फायबरच्या आणि स्टीलच्या चकत्या; एकमेकींना धरून असल्या की इंजिनाचा जोर चाकाला जातो, लिव्हर दाबून सुटल्या की थांबतो. कशावरून रे बाबा? लिव्हर दाबून पाहिलास? वायर पाहिलीस? गाडी चालू तरी केलीस? काही नाही. एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हाताने बिलबुक शोधणं चालू.

माझी गाडी साधी, शंभर सीसीची मोटारसायकल, कात्रजहून डेक्कनला रोज जा-ये करणारी. तिचं दुखणंही साधं. सिग्नलला थांबलो की क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गाडी पुढे ओढते. पहिल्यातून न्यूट्रल लागत नाही, पायाने कितीही खालीवर करा. इंजिन बंद केलं की तेच न्यूट्रल अलगद लागतं. स्वारगेटच्या चौकात झेब्रा पट्ट्यांवरून म्हातारी माणसं, शाळेची पोरं जात असतात आणि माझी गाडी ब्रेक दाबलेला असताना पुढे सरकायला बघते. डावा हात लिव्हर आवळून आवळून मनगटापासून दुखतो. कुणाच्या अंगावर गेली तर? तेव्हा तो गॅरेजवाला येणार आहे का सोबत उभा राहायला?

आणि चीड कशाची येते सांगतो. क्लच घसरणं आणि क्लच न सुटणं या दोन एकमेकींच्या उलट तक्रारी आहेत. प्लेटा झिजल्या की क्लच घसरतो, म्हणजे इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही. मी सांगतोय की माझ्या प्लेटा एकमेकींना सोडतच नाहीत, म्हणजे पकड कमी नाही, पकड सुटत नाहीये! यावर औषध काय, तर प्लेटा बदला. ताप आला तरी तीच गोळी, अंग गार पडलं तरी तीच गोळी. वर आणि आपल्यालाच ऐकवायचं, "काका, तुम्ही हाफ क्लचवर चालवता." अरे, तू मला चालवताना पाहिलंस कधी?

क्लच सुटत नसेल तर आधी बाहेर बघायचं असतं. लिव्हरच्या टोकाला किती ढिलाई आहे? माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्र काढून दाखवलंय, १० ते २० मिमी. त्याहून जास्त ढिली असेल तर लिव्हर हँडलला टेकला तरी वायरीने ओढला जाणारा इंजिनावरचा छोटा आर्म पुरता फिरत नाही आणि आतली प्रेशर प्लेट पुरेशी उचलली जात नाही. झालं, क्लच अर्धवट सुटलेला. हे तपासायला एक साधी पट्टी लागते. मग गाडी मधल्या स्टँडवर लावून चालू करायची, क्लच दाबायचा, पहिला गिअर टाकायचा. मागचं चाक थोडं फिरेल, ते आतल्या तेलामुळे, त्यात काही वावगं नाही. मागचा ब्रेक हलकेच दाबला की ते थांबायला हवं. थांबताना इंजिन गुदमरायला लागलं तर क्लच सुटत नाहीये. एवढं सगळं करायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं द्यायला कुणी तयार नाही!

सर्व्हिस सेंटरची तर वेगळीच तऱ्हा. जॉबकार्डवर "क्लच तपासणे" लिहून घेतलं. संध्याकाळी गाडी धुऊन, चमकवून हातात दिली. बिलात पॉलिशचे पैसे, आणि क्लच होता तसाच.

शेवटी गॅरेजमध्येच प्लेटा टाकल्या. म्हणजे मी नको म्हणत असताना "करून टाकू, टेन्शन नको" म्हणत इंजिन उघडलंच गेलं. नवा सेट, नवं पॅकिंग, नवं ऑइल, मजुरी. दीड-दोनशेच्या वायरीचं काम, बिल दोन हजारांच्या घरात. नव्या फायबर प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवायच्या असतात, या पठ्ठ्याने खोक्यातून काढल्या तशा कोरड्या ठोकल्या. ऑइलसुद्धा "एकदम भारीतलं" म्हणून कारचं ओतायला निघाला होता, मी हात धरला म्हणून थांबला. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या कितीतरी तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती इथे क्लच घसरवतात. म्हणून तर बाटलीवर जासो या जपानी मानकाची एमए किंवा एमए-टू ही खूण बघून घ्यायचं असतं. एमबी लिहिलेलं स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच कोरडा. दिवसाला पाच-पाच गाड्यांचं ऑइल बदलणाऱ्या माणसाला हे मी सांगायचं?

बरं, प्लेटा बदलून क्लच सुटला का? नाही. मग त्याने काय करावं, वरचा अ‍ॅडजस्टर फिरवून फिरवून वायर अशी ताणली की लिव्हरला ढिलाई उरलीच नाही. तात्पुरतं न्यूट्रल लागलं, "झालं बघा काका." दुसऱ्या दिवशी घरी येताना कात्रजच्या चढाला इंजिन किंचाळतंय आणि गाडी रेंगाळतेय! ढिलाई शून्य म्हणजे क्लच कायम किंचित दाबलेला. प्लेटा घसरतात, भाजतात. स्टीलच्या प्लेटा तापून वाकल्या की गरम इंजिनात परत सुटेनाशा होतात. मग प्लेटा खरोखरच जातात आणि हाच माणूस म्हणायला मोकळा, "मी म्हटलं होतं ना." स्वतः बिघडवायचं, स्वतःच निदान करायचं, पैसे मी द्यायचे.

वायर मीच काढली. लिव्हरजवळची रबरी टोपी मागे सरकवली तर आत अर्ध्याहून जास्त तारा तुटून विस्कटलेल्या, उरलेल्यांवर पावसाळ्याचा गंज. दाबलं की त्या तारा आवरणात अडकत होत्या आणि बाकीच्या ताणून लांब होत होत्या. खालच्या अ‍ॅडजस्टरचे आटे कधीच संपलेले. रबराची एक टोपी! ती सरकवायला पाना लागत नाही, स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. कंपनीची वायर आणली, टाकीखालून मूळ वळणाने नेली, ढिलाई १५ मिमीवर ठेवली. सिग्नलला न्यूट्रल एका ठोकरीत. गाडी ओढत नाही.

जुन्या प्लेटा मी भांडून मागून घेतल्या होत्या. "काय करायच्यात काका, भंगार आहे." जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, प्रत्येक फायबर प्लेट २.९ मिमीच्या आसपास. बदलायची हद्द २.६. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून ०.२ मिमी जाडीची फीलर गेजची पातळ पट्टी खाली सरकवून पाहिली, एकीखालीही शिरत नाही. सपाट, धडधाकट, आणखी किती तरी वर्षं चालल्या असत्या. त्या काढून ज्या नव्या टाकल्या त्यांना घाटात भाजल्याचा वास लागलाय.

उद्या सकाळी त्या जुन्या प्लेटा, तुटकी वायर आणि व्हर्नियर पिशवीत घालून त्याच्या दुकानात जाणार आहे. गिऱ्हाइकं उभी असतील तेव्हाच. त्याने सगळ्यांसमोर एकेक प्लेट मोजायची आणि यातली कुठली गेली होती ते मला दाखवायचं. दाखवता आली नाही तर मजुरीसकट पैसे परत हवेत, आणि ते घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.