मागच्या सीटचा बेल्ट आणि मामांचा फॉरवर्ड

आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी परवा तिसऱ्यांदा तोच मेसेज ढकलला. ‘मागे बसणाऱ्यांना सीटबेल्टची गरजच नाही, हा पावत्या फाडायचा धंदा आहे’ असा मथळा, खाली मुद्दे आणि शेवटी हात जोडलेले. पुढच्या आठवड्यात लग्नाला याच मामांच्या गाडीतून जायचंय आणि मागच्या सीटवर मी आहे, म्हणून उत्तर लिहितोय. मामा रागावतील, रागावू देत.

‘मागच्यांसाठी कायदाच नाही.’ आहे की. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम 138 मध्ये, समोर तोंड करून असलेल्या मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट सांगितलाय. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 1000 रुपये. विषय संपला.

‘शहरात तीस-चाळीसच्या वेगात काय होतंय?’ गोपीनाथ मुंडे 3 जून 2014 च्या सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. ना घाट, ना एक्स्प्रेस वे. शहरातल्या एका चौकात दुसऱ्या गाडीने धडक दिली. मुंडे मागच्या सीटवर होते, ते गेले. गाडीतले बाकीचे वाचले. बेल्ट असता तर ते वाचले असते, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे म्हटलं होतं. बाजूने आलेल्या धडकेत बेल्टलाही मर्यादा असतात, हे मान्य. पण वेगाचा हिशेब साधा आहे. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी एकदम थांबली की आतला मोकळा माणूस त्याच वेगाने पुढे जातो. सव्वासहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून, खाली पडताना जमिनीला टेकायच्या वेळी जो वेग असतो तोच हा. दुसऱ्या मजल्यावरून उडी मारायला मामा तयार होतील असं वाटत नाही.

‘समोरची सीट गादीसारखी अडवते, शिवाय सहा एअरबॅग आहेत.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. सहा एअरबॅगांमधल्या दोन चालक आणि शेजारच्यासमोर, दोन पुढच्या सीटांच्या कडेला आणि दोन वरून खिडक्यांवर पडद्यासारख्या उतरणाऱ्या, अशी साधारण मांडणी असते. मागे बसलेल्याच्या छातीसमोर काय? समोरच्या सीटची पाठ. आणि एअरबॅग बेल्टच्या जोडीला असते, बेल्टऐवजी नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची मर्सिडीज कठड्याला धडकली. गाडीत चौघं होते. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मिस्त्रींसह मागचे दोघं गेले, आणि त्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. गाडी स्वस्तातली नव्हती, एअरबॅगाही होत्या.

राहिली ‘गादी’. त्या गादीत माणूस बसलेला असतो, मामा! जपानमधल्या अपघातांचा एक अभ्यास 2002 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. मागचा प्रवासी बिनबेल्टचा असेल, तर पुढे बेल्ट लावून बसलेल्याच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे मी बेल्ट लावला नाही तर मी मामांच्या पाठीवर आदळणार. हा मुद्दा त्यांना पटावा.

‘आग लागली किंवा गाडी पाण्यात गेली तर बेल्टमुळे अडकून मरतो.’ आग आणि पाणी मिळून अपघातांच्या अर्धा टक्काही भरत नाहीत, असं अमेरिकेचं महामार्ग सुरक्षा खातं सांगतं. आणि तशी वेळ आलीच तर बाहेर कोण पडेल? जो शुद्धीवर असेल आणि ज्याचा हात-पाय धड असेल तो. बेल्टचं लाल बटण दाबायला शुद्ध लागते, तेवढंच.

‘लेकरू आईच्या मांडीवर सगळ्यात सुखरूप.’ हा मुद्दा वाचून मात्र माझा खरंच जीव घाबरला, कारण ग्रुपवर याच्याखाली सगळ्यात जास्त अंगठे आहेत. दहा किलोचं बाळ, ताशी 40 चा वेग, गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्या क्षणी बाळ हातांना क्विंटलभराहून जड लागतं. धान्याचं भरलेलं पोतं कुणी झेललंय का कधी? आईची माया कितीही असो, मनगटं तेवढीच असतात. बाळाला त्याची वेगळी सीट हवी, तीही मागे.

‘पोलीस मागे बघत नाहीत.’ हे खरं आहे. काळ्या काचेतून कोण कशाला बघतंय?

आता खरी अडचण, जी मेसेजमध्ये नाही. दिवाळीत मामांच्या गाडीत मी बेल्ट ओढला, तर क्लिप अडकवायला खाचच सापडेना. नवं कव्हर घातलं तेव्हा तिन्ही खाचा खाली गाडल्या गेल्या होत्या. सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घातल्यावर दोन रुपयांचं नाणं आणि चिक्कीचा तुकडा निघाला, खाच नाहीच. पुढच्या खाचेत तर ‘बेल्ट लावा’ म्हणून वाजणारा आवाज बंद करायची नुसती पत्री क्लिप खोचलेली. असल्या क्लिपा ऑनलाइन विक्रीतून काढायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये सांगितलं होतं, मामांनी त्याआधीच घेऊन ठेवली होती.

तेव्हा मामा, निघायच्या आदल्या दिवशी गाडी कव्हरवाल्याकडे न्या. तीन चिरा पाडून खाचा वर काढायला त्याला अर्धा तास पुरेल. पैसे मी देतो.