'सोड आता' म्हणणं सोपं असतं, हे मान्य

ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की माझ्या लेखातलं जे वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं, तेच तुम्ही पकडलंय. 'कालचं ओझं रात्रीच उतरवून झोपावं.' झोकात लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, 'उतरवायचं म्हणजे ठेवायचं कुठे?' आता त्या लेखात याचं उत्तर शोधायला गेलो, तर ते तिथे नाहीच.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. वडिलांच्या आजारपणाची दोन वर्षं ताईंनी एकटीने निभावली. भाऊ फोनवर 'काही लागलं तर सांग' एवढंच म्हणत राहिला. आता वडील नाहीत आणि जो तो ताईंनाच सांगतोय, झालं गेलं विसर, मन मोठं कर. त्यांचा सवाल असा : ज्याचं नुकसान झालं त्यानेच दर वेळी मन मोठं का करायचं? आणि मी राग सोडला, तर त्याचं वागणं बरोबर होतं असंच ठरणार ना?

पहिल्या सवालावर माझ्याकडे वाद नाही. हा सल्ला देणाऱ्याचं बहुधा काहीच गेलेलं नसतं. त्याला फक्त घरातला ताण मिटायला हवा असतो.

'विसर' हे तर जमण्यासारखंही नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. पुढे त्याच लोकांना अस्वलाचा खुशाल विचार करा म्हटल्यावर, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही त्यांच्या मनात ते जास्त वेळा आलं. तुम्हाला भाऊ विसरायला सांगणारे लोक नकळत तुमच्या हातात घंटी देतायत.

दुसरा सवाल मात्र मला तितका पटत नाही. सोडणं, माफ करणं आणि समेट करणं, हे आपण एकाच गाठोड्यात बांधून टाकतो. क्षमेवर आयुष्यभर काम केलेले रॉबर्ट एनराइटही बजावतात, की माफ करणं म्हणजे झालेल्या गोष्टीचं समर्थन नव्हे आणि पुन्हा एकत्र येणंही नव्हे. माझ्या मते तर माफ न करताही सोडता येतं. भाऊ चुकला हे मत तुम्ही जन्मभर ठेवा. कोण काढून घेणार आहे?

मग सोडायचं काय? इथे माझंच सांगावं लागेल.

मी अकरा वर्षं दात घासताना एका माणसाशी भांडत होतो. आम्ही मिळून एक काम उभं केलं होतं, आणि त्याचे पैसे आणि नाव दोन्ही त्याने एकट्याने घेतलं. रोज सकाळी तोंडात फेस आणि समोर आरशात तो. वर्षागणिक माझे मुद्दे धारदार होत गेले, दाखले वाढले, एक-दोन वाक्यं तर खरोखर छापण्यासारखी होती. त्याचं उत्तर मात्र कधी बदललं नाही. बदलणार कसं, त्याची वाक्यंही मीच लिहीत होतो. एकदा बायकोने दाराबाहेरून विचारलं, 'कुणाशी बोलतोयस रे?' मी म्हणालो, 'कुणाशी नाही.' आणि ब्रश तसाच हातात धरून किती तरी वेळ उभा राहिलो.

त्यानंतर लिहायला बसलो. १९८६ साली जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं, तेच अनुकरण. लिहून उठल्यावर त्या मुलांना आधीपेक्षा वाईटच वाटलं होतं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या, किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. मलाही पहिले दोन दिवस नुसता त्रास झाला, कारण आरशातलंच भाषण कागदावर उतरत होतं. तिसऱ्या दिवशी एक वाक्य आलं, जे मी कधीच म्हटलं नव्हतं : 'मला सहा महिने आधी कळलं होतं आणि मी गप्प बसलो.' त्याची लबाडी त्यामुळे कमी झाली नाही. पण अकरा वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते समोर आलं. एक दिवस तो येईल आणि 'चुकलं माझं' म्हणेल, ही ती वाट. मला सोडायची होती ती एवढीच. ती एका फटक्यात सुटली नाही. अजूनही एखाद्या सकाळी तो आरशात येतो, पण गुळणीपर्यंत टिकत नाही.

तुम्ही म्हणता, एकदा कडाडून भांडले की मोकळी होईन. सांभाळून. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक, नुसते शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले.

हेही सांगतो, की त्या दोन वर्षांमुळे झोप उडाली असेल, तेच प्रसंग अंगावर धावून येत असतील, तर माझी ही वहीबिही बाजूला ठेवा आणि समुपदेशकाला भेटा. माझं दुखणं त्या जातीचं नव्हतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, भाऊ पुढच्या महिन्यात येतोय, विषय काढू का? ते मी इथे बसून ठरवू नये. काढलात तर त्याच्याकडून नेमकं काय हवंय ते आधी एका ओळीत लिहून बघा. कबुली हवी, की आता उरलेल्या कामात वाटा, की फक्त त्याने एकदा सगळं ऐकून घ्यावं? मला ती ओळ अकरा वर्षांत एकदाही लिहिता आली नव्हती.